टाचेखालचं पेडल

गेल्या आठवड्यात पुतण्याशी भांडण झालं. आमच्या घरातली भांडणं पहिला चहा गार होईपर्यंत चालतात आणि दुसरा चहा आला की मिटतात. हे मिटलं नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. (वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे. त्यालाही वाचून दाखवा.)

मुद्दा असा. आमच्याकडे पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. त्याचं कर्ज फिटलेलं आहे. मागच्या हंगामात उसाची भरलेली ट्रॉली रानातून बाहेर काढताना तो दोनदा रुतला. झालं! तेव्हापासून पुतण्याने धोशा लावला आहे, "आप्पा, ताकदच कमी पडतीया. साठचा घ्यावा लागतोय." शेजारच्या वस्तीवर साठचा आलाय हे तो बोलत नाही, पण मला चष्म्याशिवायही तेवढं दिसतं.

मी विचारलं, "रुतला तेव्हा इंजिन बंद पडलं का?"

"न्हाय. चाक जागच्या जागी फिरत हुतं."

"किती चाकं?"

"एकच. उजवं."

"आणि डावं?"

"ते हुबं हुतं."

आता मला सांगा, ताकद कमी कुठे पडली? ताकद कमी पडली असती तर इंजिन दबून बंद पडलं असतं. इथे ताकद शिल्लक होती, म्हणून तर चाक गरगरा फिरून चिखल उडवत होतं. साठचा असता तर तेच चाक आणखी जोरात फिरलं असतं आणि खड्डा आणखी खोल झाला असता. आजारापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

मी मराठी माध्यमातला बी.ए. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रातलं मला काय कळतं, असं कुणी म्हणेल. मला हे माझ्या थोरल्या मेहुण्यांनी शिकवलं. ते आयुष्यभर ट्रकवर होते, आता नाहीत. शिकवलं तेही बैलांच्या भाषेत.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. म्हणून मागच्या हौसिंगमध्ये दातेरी चाकांचा एक जोड असतो, डिफरन्शिअल. तो दोन्ही चाकांना ताकद देतो, पण वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे युक्ती दोनशे वर्षांची आहे आणि फार हुशारीची आहे.

पण तिच्यात एक खोड आहे. मेहुणे म्हणायचे, नांगराचं जू मधोमध दोरीने बांधलेलं असतं, दोन्हीकडे झुलतं. एक बैल ढिला पडला की दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी जू नुसतं तिरकं होतं, नांगर हलत नाही. चांगला बैलसुद्धा ढिल्या बैलाएवढंच ओढू शकतो. डिफरन्शिअल म्हणजे असं झुलतं जू. चिखलातल्या चाकाला जेवढी पकड, तेवढाच जोर कोरड्यावरच्या चाकाला मिळणार. चिखलातल्या चाकाची पकड शून्य झाली, तर कोरड्यावरचं चाक दगडावर उभं असलं तरी उपयोग शून्य!

आता तेच जू वेसणासारखं करकचून बांधून टाका, झुलू देऊ नका. मग धडका बैल एकटा का होईना नांगर ओढून नेतो. डिफरन्शिअल लॉक म्हणजे एवढंच. दोन्ही चाकं काही वेळापुरती एकमेकांना बांधायची. आणि हे लॉक आमच्या पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. ड्रायव्हरच्या उजव्या टाचेजवळ एक छोटं पेडल आहे, ते दाबायचं. पुतण्याला मी ते दाखवलं तर म्हणाला, "ह्ये हुय? मला वाटलं पाय ठेवायला हाय."

दर वर्षी आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते. दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर आसपासच्या रानांत उतरतात. पाऊस झालेला असला की काळ्या मातीत काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतो. एका वर्षी आमच्या बांधाला एक ट्रक असाच अडकला. डावी चाकं मुरमावर, उजवी चाकं चिखलात. वीस-पंचवीस माणसं लोटायला, माउलींचा गजर चाललेला, आणि उजवी चाकं नुसती भिरभिरतायत. कुणीतरी पोती आणि दगड आणले आणि ते मुरमावरच्या चाकाखाली टाकले! ज्याला पकड होती त्यालाच आणखी पकड. फिरणाऱ्या चाकाखाली टाका, असं मी ओरडून सांगितलं, पण गजरात कोण ऐकतो? शेवटी ट्रॅक्टरने टोचन लावून काढला.

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही, कारण टोचनात माणसं मोडतात. माझा एक जुना विद्यार्थी उसाच्या वाहतुकीवर ड्रायव्हर आहे. दोन हंगामांपूर्वी त्याची ट्रॉली रुतली, दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून झटका दिला, हूक तुटला आणि साखळी त्याच्या पायावर आली. आज तो लंगडतो. भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "अरे, लॉकचं पेडल नव्हतं का?" म्हणाला, "हाय की सर. पन गंजून बसलंय. गाडी घेतल्यापास्नं कुनी दाबलंच न्हाय."

हे वाक्य ऐकल्यापासून माझा राग गेलेला नाही. गाडी विकणाऱ्याने त्याला हॉर्सपॉवर सांगितली, लिफ्ट किती किलो उचलते ते सांगितलं, हप्ता सांगितला. फोटो काढला, पेढे दिले. पण टाचेखालचं पेडल दाबून दाखवायला पाच मिनिटं कुणाला मिळाली नाहीत. मालकाने विचारलं नाही. आणि गाडी रुतली की शिव्या कुणाला? ड्रायव्हरला!

म्हणून आता स्पष्टच लिहितो. कुणाला काय घ्यायचं असेल त्याने आधी आपलं काम बघावं.

शेतातल्या ट्रॅक्टरला पायाचं लॉक पुरतं. शिवाय ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो. लॉक नसलं किंवा बिघडलं तर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबायचा, जोर आपोआप दुसऱ्या चाकाकडे जातो. (रस्त्यावर आल्यावर दोन्ही ब्रेक जोडून घ्यायला मात्र विसरू नका, नाहीतर गाडी उलटेल.)

ज्यांची जीप बहुतेक वेळ डांबरावर आणि कधीमधी चिखलात जाते, त्यांना आपोआप लागणारं लॉक बरं. मागच्या दोन चाकांच्या वेगात फार फरक पडला की ते स्वतःच लागतं आणि गाडीने वेग घेतला की सुटतं. 2020 साली आलेल्या थारच्या काही मॉडेलांत मागे असं लॉक दिलं होतं. लिमिटेड स्लिप नावाचाही एक प्रकार आहे. त्यात चकत्यांच्या घर्षणाने थोडा जोर दुसऱ्या चाकाला जातो. ओल्या रस्त्यावर तो छान, पण एक चाक हवेत लटकलं तर त्याची धाव तिथे संपते. चकत्या झिजतात आणि तेलही वेगळं लागतं.

ज्यांना खरोखर डोंगरात, खाणीत, ओढ्यात जायचं आहे, त्यांनी आपल्या हाताने लावायचं आणि सोडायचं लॉक घ्यावं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्याला पुढे आणि मागे अशी दोन्ही लॉक मिळतात. एकच बसवायचं असेल तर मागे बसवा, कारण चढावर वजन मागे जातं. पुढचं लॉक लावलं की स्टिअरिंग जड होतं, वळायला नको म्हणतं. दहाचाकी टिपरवाल्यांनी ध्यानात ठेवावं की मागच्या दोन एक्सलच्या मध्येही एक डिफरन्शिअल असतं. त्याचं लॉक डॅशबोर्डवरच्या बटणावर असतं, आणि ते न लावता चिखलात शिरलात तर एक चाक फिरलं की सगळी गाडी उभी.

आणि काही हौशी पोरं हौसिंग खोलून आतले गिअर वेल्डिंगने कायमचे चिकटवतात. स्वस्तात लॉक! कृपा करून असं करू नका. रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो, एक्सलला पीळ बसतो, आणि मोडतो तो घाटात.

आता आक्षेप. "लॉक लावलं की एक्सल तुटतो." तुटतो, लॉक लावून वळवलंत तर. सरळ जाताना लावा, वळण्याआधी सोडा. आणि चाक भिरभिरत असताना पेडल दाबू नका. आधी क्लच दाबा, चाक थांबू द्या, मग लॉक. खरं तर चिखल समोर दिसला की रुतण्याआधीच लावायचं असतं.

"फोर व्हील असल्यावर लॉक कशाला?" पुढचं एक आणि मागचं एक चाक खड्ड्यात लटकू द्या, मग कळेल. फोर व्हीलमध्ये दोन झुलती जुवं असतात, एवढाच फरक.

"नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे सगळं करतो." करतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, तेच आपल्या वेगळ्या ब्रेकचं तत्त्व. चांगलंच आहे. पण उसाच्या ट्रॉलीपुढे जुंपलेल्या आमच्या ट्रॅक्टरात कॉम्प्युटर नाही आणि पेडल आहे.

लॉक म्हणजे जादू नाही, हेही कबूल करतो. दोन्ही चाकं लोण्यासारख्या चिखलात असतील तर दोन्ही फिरतील. टायरची नक्षी झिजली असेल तर लॉक काय करणार? आणि ट्रॉली बेसुमार भरली असेल तर थोडा ऊस खाली उतरवावा. त्यात कमीपणा नाही. पण टनावर पैसे मिळतात म्हणून कुणी उतरवत नाही आणि मग साखळी शोधत फिरतात.

पुतण्याला माझं एवढंच सांगणं आहे. साठचा ट्रॅक्टर खुशाल घे, पण जास्त रान नांगरायचं असेल तर घे. एक चाक फिरतं म्हणून काही लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊ नकोस. आधी त्या पेडलच्या सांध्यात तेल सोड, गंज काढ, मोकळ्या रानात सरळ जाताना दाबून बघ. काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे. त्याने भागलं नाही तर मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूममध्ये येतो.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. हळदी-कुंकू लावताना यंदा जरा खाली वाका आणि टाचेजवळचं पेडल हलतंय का ते बघा. हलत नसेल तर हार नंतर घाला.

असो. दुसरा चहा आलाय. तुमच्याकडे या पेडलला काय म्हणतात आणि शेवटचं कधी दाबलं होतंत, ते जरूर कळवा.