मोहाखालचा झाडू

मार्च लागला की किनवटकडच्या मैत्रिणीचा फोन ठरलेला, ‘ताई, डोंगर पेटला बघा!’ मोहाची फुलं वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला की तीच आग सागवानात शिरते. कोवळी रोपं, गवत, पाखरांची घरटी, सगळं जातं.

मागे बचत गटाच्या निमित्ताने तिकडे गेलो, तेव्हा एक वनरक्षक भेटला. शेजारच्या बीटची जागा रिकामी, म्हणून तोही कार्यभार त्याच्याचकडे. दिवसा वणवा, रात्री लाकूडचोर. ‘काकू, मी एकटा कुठं कुठं पुरा पडू?’ काय सांगणार त्याला?

बायकांना म्हटलं, पाला जाळू नका, झाडून काढा, नाहीतर खाली जुनी लुगडी अंथरा. एक आजी फटकन म्हणाली, ‘झाडायला दोन घंटे लागतेत बाई, काडी ओढायला काय लागतंय?’ खरंच होतं तिचं. पहाटे उठून फुलं वेचायची, मग मजुरीला जायचं. तिला मी शहाणपण शिकवणारी कोण? शेवटी त्यांनीच तोड काढली. चार-पाच जणींनी मिळून झाडायचं, आज हिच्या झाडाखाली, उद्या तिच्या.

लातूर जिल्ह्यात एक टक्काही जंगल नाही. 2016 मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2019 पासून ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ची मंडळी तिथे झाडं लावतात, जगवतात. एकेक रोप जगवायला किती पाणी घालावं लागतं ते त्यांना विचारा. आपल्याकडे आयतं उभं आहे, ते तरी राखू या. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने ग्रामसभेला तो अधिकारही दिलाय.

पण बायका झाडतात म्हणून सरकारने जागा रिकाम्या ठेवाव्यात, हे मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेत 2018-19 मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं, तेव्हा जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवकांनी संडासही साफ केले. तरी तिथली झाडं तोडली गेलीच. पंचनामा करणं, कुऱ्हाडवाल्याला अडवणं हे झाडूचं काम नाही; त्याला वर्दीच लागते. आणि राबतो तो हात फुकटचा का म्हणून? पाला झाडण्याची, जाळरेषा काढण्याची मजुरी बायकांना मिळालीच पाहिजे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. तिथे दोन ठराव मांडा, मैत्रिणींनो: वनरक्षकाची जागा भरा आणि आमची मजुरी द्या. ठरावाची नक्कल मात्र मागून घ्या, नाहीतर तो कागद कपाटातच राहतो.