म्हणे, उपयोग काय?

मंडळी, आमच्या संभाजीनगरात कुणी 'फिजिक्समध्ये संशोधन करणार' म्हटलं की प्रश्न ठरलेला: "उपयोग काय? पॅकेज किती?" विचारण्यात आपण आयटीवाले सगळ्यात पुढे. वैताग आलाय या प्रश्नाचा.

१९७० साली आर्थर अ‍ॅश्किन लेसरने पाण्यातले प्लास्टिकचे बारीक गोळे ढकलत होते. काय उपयोग? १९८७ मध्ये त्यांनी त्याच प्रकाशात जिवंत बॅक्टेरिया पकडले. हिरव्या लेसरने ते मरायचे, म्हणून इन्फ्रारेड घेतला. नोबेल मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी!

लेसरने पाणी तापणं ही एरवी कटकटच. पण पुण्याच्या आयसरमध्ये पवन कुमार यांच्या गटाने तिलाच कामाला लावलं. २०१४ चं त्यांचं काम बघा. पाण्याखालच्या धातूच्या थरावर लेसर टाकायचा. थर तापतो, भाताच्या आधणासारखं पाणी फिरतं आणि नॅनोकण एका जागी जमतात. त्यांच्यामधल्या फटींत एकट्या रेणूचीही ओळख पटते. रसायन घालून जमवलेले कण सहसा पुन्हा सुटे होत नाहीत. इथे लेसर बंद केला की मोकळे!

हे रिलीज डेट लावून होत नाही हो. आधी कुणीतरी नुसतं बघत बसावं लागतं. वाहत्या पाण्यावर जातं फिरवणारी पाणचक्की ज्या गावात आहे, तिथे तरी हे सांगायला लागू नये.

उद्या एखादी पोरगी 'फिजिक्स' म्हणाली, तर पॅकेज नका विचारू. "काय शोधतेस?" एवढंच विचारा. आणि उत्तर ऐकून घ्या.