जळालेला व्हॉल्व्ह आणि फटीचा हिशेब



व्यापारी घरातील मोटार ही केवळ हौसेची वस्तू नसते. सकाळी दुकान, दुपारी बाजार समिती, आठवड्यातून दोनदा परगावची वसुली आणि सुट्टीच्या दिवशी कुंभोज-बाहुबली किंवा कुंथलगिरीची यात्रा, असा तिचा नेम असतो. त्यामुळे इतरांच्या गाडीला जे अंतर कापण्यास दहा वर्षे लागतात, ते आपल्या गाडीचे पाच वर्षांत पुरे होते. मग एक लाख किलोमीटरच्या पुढे केव्हातरी तक्रार सुरू होते. सिग्नलला थांबल्यावर गाडी थरथरते, घाटात पूर्वीसारखी ओढत नाही, सायलेन्सरमधून मधूनच फट्फट् असा आवाज येतो. गॅरेजमध्ये प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, इंजेक्टर साफ होतात. तक्रार मात्र तशीच राहते. अखेर निदान होते, ‘एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला आहे’, आणि पाठोपाठ सल्ला मिळतो, ‘इंजिन बांधून घ्या, नाहीतर गाडी काढून टाका.’

या दोन्ही सल्ल्यांत मोठी रक्कम गुंतलेली असते. म्हणून हा व्हॉल्व्ह जळतो म्हणजे नेमके काय होते, आणि तो जळू नये म्हणून आपल्या हाती काय आहे, हे प्रत्येक गाडीमालकाने जाणून घेणे हिताचे ठरते.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर, म्हणजे हेडमध्ये, दोन प्रकारचे दरवाजे असतात. एकातून हवा व इंधन आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. हा दुसरा दरवाजा म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्याचा आकार उलट्या धरलेल्या छत्रीसारखा असतो. खाली चकती आणि वर लांब दांडा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत तो एकदा उघडतो व मिटतो. इंजिन मिनिटाला सरासरी दोन हजार फेऱ्या घेत असेल आणि गाडीचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला, तर एक लाख किलोमीटरसाठी अडीच हजार तास लागतात. तेवढ्या काळात हा दरवाजा सुमारे पंधरा कोटी वेळा उघडून मिटलेला असतो.

आत येणाऱ्या थंड हवेमुळे पहिल्या दरवाजाला विसावा मिळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या वाट्याला मात्र केवळ तप्त वायूच येतो. पेट्रोल इंजिनात त्याची चकती सातशे ते आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एवढी उष्णता तो टाकतो कुठे? थोडी उष्णता दांड्यावाटे गाइडमध्ये जाते. परंतु सुमारे तीन चतुर्थांश उष्णता व्हॉल्व्ह मिटलेला असताना, त्याची कड हेडमधील बैठकीवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘सीट’वर, टेकलेली असते त्या अल्प अवधीत हेडमध्ये उतरते आणि तेथून कूलंट ती वाहून नेते. थोडक्यात, व्हॉल्व्हचे आयुष्य त्याच्या नीट मिटण्यावर अवलंबून आहे. जो पूर्ण मिटत नाही, त्याला निवण्याची संधीच मिळत नाही.

आता ‘टॅपेट’ या शब्दाकडे वळू. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामध्ये इंजिन थंड असताना एक बारीक फट ठेवलेली असते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, दांडा लांबतो. त्या वाढीसाठी ही जागा राखलेली असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापत असल्यामुळे त्याची फट बहुधा अधिक असते. अनेक गाड्यांत ती मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी, म्हणजे एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असते. काही इंजिनांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप राखली जाते. परंतु पुष्कळ इंजिनांत ती ठरावीक अंतरानंतर फीलर गेजने मोजून जुळवावी लागते.

लाखभर किलोमीटरनंतर या फटीचे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कोट्यवधी वेळा आपटून व्हॉल्व्हची कड आणि सीट दोन्ही झिजतात. झीज झाली की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित वर सरकतो आणि त्याबरोबर दांड्याचे टोकही वर येते. म्हणजे झीज होऊनही फट वाढत नाही, उलट ती आटत जाते. एक दिवस ती शून्यावर येते. इंजिन तापल्यावर दांडा लांबतो, त्याला जागा उरत नाही आणि दरवाजा केसभर उघडाच राहतो. आत दोन हजार अंशांहून अधिक तापलेला वायू प्रचंड दाबाखाली असतो. तो त्या केसभर वाटेने वेल्डिंगच्या ज्योतीप्रमाणे बाहेर झेपावतो. एका जागी कड वितळू लागते, तेथे खाच पडते, खाचेमुळे गळती वाढते आणि गळतीमुळे खाच अधिक खोल होते. यालाच आपण ‘व्हॉल्व्ह जळाला’ असे म्हणतो.

येथे सामान्य माणसाची एक मोठी फसगत होते. फट प्रमाणाबाहेर वाढली, तर टॅपेट टक्टक् वाजतात आणि आपण लगेच गॅरेज गाठतो. फट आटली, तर मात्र इंजिन पूर्वीपेक्षाही शांत चालते. ‘गाडी अगदी नव्यासारखी शांत आहे’ असे समाधान मालक व्यक्त करीत असतो, तेव्हा आत फट संपत आलेली असू शकते. बँकेच्या नोकरीत हा अनुभव कर्जखात्यांबाबत पुष्कळदा येई. वाद घालणाऱ्या, चौकशा करणाऱ्या कर्जदाराचे खाते बहुधा सुरक्षित असे. ज्या खात्यावर काहीच हालचाल नाही, कसलीच तक्रार नाही, तेच एके दिवशी थकीत निघे. म्हणून शांततेवर विसंबून न राहता मोजमाप करावे.

फट आटणे हे प्रमुख कारण असले, तरी एकमेव नाही. सीटवर काजळीचा खडा अडकला, तर दरवाजा मिटत नाही. गाइड झिजला, तर व्हॉल्व्ह तिरका बसतो. स्प्रिंग दुबळी झाली, तर तो घट्ट टेकत नाही. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले, तर हेडमधील मार्गांत क्षारांचे थर साचतात आणि उष्णता वाहून नेणारी वाटच बुजते. प्रज्वलन उशिरा होत असेल, तर व्हॉल्व्ह उघडताना ज्वाला अजून धगधगत असते आणि ती थेट त्याच्यावरून जाते. कॅटलिटिक कन्व्हर्टर तुंबला, तर तप्त वायू मागे साचून राहतो. ही यादी देण्याचे कारण असे की, जळालेला व्हॉल्व्ह हा परिणाम आहे. त्याचे कारण न शोधता नुसता नवा व्हॉल्व्ह बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

इंधनाचाही येथे मोठा संबंध आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. ते आरोग्याला घातक होते, पण त्याच्या ज्वलनातून सीटवर एक पातळ थर बसे आणि धातूची धातूशी होणारी झीज त्यामुळे कमी होई. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते योग्यच झाले. नव्या गाड्यांना कठीण धातूच्या सीट मिळाल्याने त्यांचे काही बिघडले नाही. आज तोच प्रश्न सीएनजीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे. सीएनजी हा कोरडा वायू आहे. सीट व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कसलेही संरक्षण तो ठेवत नाही. शिवाय तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्यामुळे प्रज्वलनाची वेळ त्याला अनुरूप केली नसेल, तर उष्णता एक्झॉस्टकडे अधिक जाते. कारखान्यातून सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांत याचा विचार सहसा केलेला असतो. पण पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनावर नंतर किट बसवले असेल, तर टॅपेटची तपासणी पुस्तिकेत दिलेल्या अंतरापेक्षा लवकर करणे हाच शहाणपणा होय. इंधनात होणाऱ्या बचतीतून या तपासणीचा खर्च सहज निघतो.

तक्रार सुरू झालीच, तर निदान कसे करून घ्यावे? ‘चेक इंजिन’ दिव्याचा कोड अमुक सिलिंडर पेटत नाही एवढेच सांगतो. का पेटत नाही हे तो सांगत नाही. म्हणून एकामागून एक सुटे भाग बदलण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासण्याचा आग्रह धरावा. सर्व प्लग काढून, बॅटरी पूर्ण भारित असताना, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. सर्व आकडे जवळपास असावेत. एकच सिलिंडर फार खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांत. फारसा वाढला नाही, तर तो बहुधा व्हॉल्व्हमध्ये. खात्रीसाठी पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडतात. फुसफुस सायलेन्सरमधून ऐकू आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आली, तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट. जुने कारागीर तर उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरतात. तो सतत बाहेर ढकलला न जाता मधूनच आत ओढला गेला, तर ती व्हॉल्व्ह गळत असल्याची खूण मानतात.

माझ्या परिचयातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या गाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 1,38,000 किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी, नंतर बसवलेले सीएनजी किट आणि वर सांगितलेली सर्व लक्षणे. एका ठिकाणी त्यांना पूर्ण इंजिनकामाचा अंदाज देण्यात आला. दुसऱ्या कारागिराने आधी दाब मोजला. तीन सिलिंडर 165 ते 170 पाउंड, तिसरा मात्र 70. ऑइल सोडल्यावर 75. हवेची फुसफुस थेट सायलेन्सरमध्ये. हेड उतरवल्यावर तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसली. इतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीही संपत आल्या होत्या. किट बसवल्यापासून टॅपेट कोणी पाहिलेच नव्हते. खालचे इंजिन, म्हणजे पिस्टन, रिंग व क्रँक, निर्दोष होते. सर्व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट घासून, हेडचा पृष्ठभाग तपासून आणि नवे गॅस्केट घालून काम झाले. पूर्ण इंजिन बांधण्याच्या तुलनेत हा खर्च कितीतरी कमी होता.

परंतु त्याआधी एका दलालाने त्यांना वेगळीच वाट सुचवली होती: ‘शेठ, स्कॅनर लावून दिवा घालवतो. गिऱ्हाइकाला गाडी हायवेवर चालवून दाखवू, वेगात थरथर कळत नाही. दोन दिवसांत विकून टाकतो.’ चिरंजीवांना हा हिशेब पटला होता. वहीत दरसाल पंधरा टक्के घसारा लागून गाडीची पुस्तकी किंमत निम्म्याच्याही खाली आली होती, मग तिच्यावर खर्च कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. वडिलांनी एवढेच विचारले, ‘आपल्या दुकानात खालचा माल वर रचून आपण विकतो का?’

हा प्रश्न गाडीपुरता नाही. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे; खऱ्याच्या नावाखाली खोटे, उत्तमाच्या नावाखाली हिणकस खपवणे म्हणजे तो दोष. धान्यात खडे मिसळणे जसे त्यात येते, तसेच दिवा मालवून जळालेला व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या माथी मारणेही येते. गाडी विकू नये असे नव्हे. दोष सांगून, त्याप्रमाणे किंमत कमी करून जरूर विकावी. घेणारा समजून घेईल. आणि आपण स्वतः जुनी गाडी घेताना रंग, सीटकव्हर पाहण्याआधी चारही सिलिंडरचा दाब मोजून मागावा.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपण वर्षाचे हिशेब मिळवतो. त्याच सुमारास गाडीची पुस्तिका काढून आपले इंजिन आपोआप जुळणाऱ्या टॅपेटचे आहे की हाताने जुळवावयाचे, हे पाहावे. हाताने जुळवावयाचे असेल, तर मागील मोजणी किती किलोमीटरवर झाली ते तपासावे. मोजणीच्या वेळी इंजिन पूर्ण थंड असावे, म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये सोडावी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या फटीचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. पुढील वर्षी तो कागद सोबत न्यावा. कोणत्या व्हॉल्व्हची फट किती आटली, हे दोन आकडे शेजारी ठेवताच कळते, आणि व्हॉल्व्ह जळण्याच्या कितीतरी आधी आपण सावध होतो.