‘बोर्ड गेलंय’ म्हणण्याआधी

जुना संगणक दुकानात नेला की दोन मिनिटांत निकाल लागतो. ‘बोर्ड गेलंय.’ ‘कार्ड सपोर्ट करत नाही.’ ‘मशीन जुनं झालंय, पूर्ण सेटच बदला.’ निकाल देणारा अडाणी असतो असं नाही. तासभर दोष शोधला तर त्याला दोनशे रुपये मिळतात, नवा सेट विकला तर काही हजार. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. पण ज्या घरात दहावी-बारावीच्या मुलासाठी संगणक घ्यायचा म्हणून वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात, तिथे हे एक वाक्य फार महाग पडतं. म्हणून माझं म्हणणं असं की ‘गेलंय’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी यायला हवा, आणि तो काढण्याआधी काय काय तपासलं हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला हवा.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर सहसा घेत नाही. त्यामुळे कंपन्यांनी आपले चौथ्या ते सातव्या पिढीतले डेस्कटॉप काढायला घेतले आणि ते सेकंडहँड बाजारात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत हा माल दिसतो. आमच्या मोहल्ल्यातली मुलं ईदीचे, सुट्टीतल्या कामाचे पैसे जमवून असा संगणक घेतात आणि मग त्यांना ग्राफिक्स कार्ड हवं असतं. कुणाला गेमसाठी, कुणाला व्हिडिओ एडिटिंगसाठी.

आधी एक नावडती गोष्ट सांगून टाकतो. बऱ्याच जणांना कार्डाची गरजच नसते. इनपेजमध्ये उर्दू टाइप करायचं, मराठी युनिकोडमध्ये लिहायचं, ऑनलाइन वर्ग बघायचे, यासाठी ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच पैशात एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा, संगणक बदलल्यासारखा वाटेल.

पण माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गरज खरी होती. ती ब्लेंडरवर ॲनिमेशन शिकते. प्रोसेसरसोबत येणाऱ्या ग्राफिक्सवर ते अक्षरशः रांगत होतं. तिच्या अब्बांनी चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला ऑफिसचा टॉवर घेऊन दिला होता, त्यात सहा हजारांत जुनं जीटीएक्स १६५० बसवलं. निवड चांगली होती. हे कार्ड साधारण ७५ वॅट घेतं आणि मदरबोर्डचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट तेवढी वीज देऊ शकतो. काही कंपन्यांनी यावर वेगळं सहा पिनांचं कनेक्टर दिलंय, हिच्या कार्डावर ते नव्हतं. कार्ड बसवलं, पंखा फिरला, पडदा काळा. दुकानदार म्हणाला, बोर्ड या कार्डाला चालत नाही, नवा सेट पस्तीस हजारांत करून देतो. तिच्या अब्बांनी मला विचारलं, “सर, मग आता कर्ज काढू का?”

तिचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए केबलचा. ती केबल पूर्वीप्रमाणेच मदरबोर्डच्या निळ्या पोर्टात होती, कारण कार्डाला निळं पोर्ट नव्हतंच. स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बहुतेक मदरबोर्ड स्वतःचं डिस्प्ले पोर्ट बंद करतात. म्हणजे संगणक व्यवस्थित चालू होता, चित्र कार्डातून बाहेर पडत होतं, आणि मॉनिटर भलत्या दारात उभा होता. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा अ‍ॅडॅप्टर तीनशे रुपयांत आला आणि पडदा उजळला. अ‍ॅडॅप्टर घेताना एवढंच बघायचं की आत रूपांतर करणारी चिप हवी. नुसत्या तारा जोडलेला तुकडा चालत नाही, कारण नव्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही. डीव्हीआय-डी पोर्टाची गतही तीच. जुन्या डीव्हीआय-आय पोर्टावर साधा तुकडा चालायचा, म्हणून दुकानदार आजही तो हातात टेकवतात.

उर्दू शिकवणाऱ्याला याचं फार आश्चर्य वाटत नाही. ‘ख़ुदा’चा नुक़्ता वरून खाली सरकला की ‘जुदा’ होतो. वाचता आलं नाही म्हणून कुणी वही फेकून देत नाही, नुक़्ता बघतो.

दुसरी गोष्ट विजेची, आणि इथे नुसते पैसेच जातात असं नाही, तार जळू शकते. ओळखीच्या एका मुलाने आरएक्स ५८० घेतलं. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर अशी वापरलेली कार्डं बाजारात भरपूर आली आणि स्वस्त झाली. संगणक नीट सुरू व्हायचा, पण गेम लावला की दहा मिनिटांत आपोआप रीस्टार्ट. दुकानाचं निदान होतं, कार्ड खराब. मी त्याला एसएमपीएसवरचं स्टिकर वाचायला सांगितलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टवर १४ अँपिअर. शाळेतलं विज्ञान: बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. त्या कार्डालाच साधारण १८५ वॅट लागतात, आणि प्रोसेसरसुद्धा याच १२ व्होल्टवर जगतो. स्वस्त एसएमपीएसवरचा मोठा आकडा सजावटीचा असतो. खरा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यात.

त्याहून वाईट म्हणजे त्या एसएमपीएसला आठ पिनांची तार नव्हती, म्हणून हार्डडिस्कच्या साटा प्लगवरून जोड काढून दिलेला होता. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. आठ पिनांच्या कनेक्टरवर कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. असा जोड वितळतो. तो देणाऱ्या दुकानदारावर मात्र माझा राग आहे, तिथे मी व्यापाराचं गणित ऐकून घेणार नाही. मूळची आठ पिनांची तार असलेला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस बसवला, तेव्हापासून तेच ‘खराब’ कार्ड चालू आहे.

ब्रँडेड ऑफिस संगणकात हा उपाय सरळ नसतो. त्यांचा पुरवठा बहुधा २४० ते ३०० वॅटचा, आणि अनेकांत मदरबोर्डचं कनेक्टर कंपनीचं खास, बाजारातला एसएमपीएस बसत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही आत जात नाही. तिथे बिनकनेक्टरचं, अर्ध्या उंचीचं, ७५ वॅटच्या आतलं कार्डच बघावं. हे कार्ड घेण्याआधी पाहायचं असतं, फीतपट्टी घेऊन.

बाकीचे दोष तुलनेने सोपे. पडदा काळाच राहिला तर रॅम आणि कार्ड काढून पुन्हा नीट बसवा, सीआर२०३२ चा बटण सेल काढून बायॉस मूळ स्थितीत आणा, बायॉसची नवी आवृत्ती निघाली आहे का ते बघा. जुन्या लेगसी बायॉसवर काही नवी कार्डं चित्र देत नाहीत. उलट अगदी जुनं कार्ड सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर अडतं. पडदा दिसतो पण अक्षरं बटबटीत आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लिहिलंय, तर फक्त ड्रायव्हर राहिलाय. आणि जुनं कार्ड घेतानाच जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चिकटवून विकतात, ते यात बऱ्याचदा उघडं पडतं.

यातलं काहीही इंजिनिअरिंगचं ज्ञान नाही. आमच्या शाळांच्या संगणक कक्षात मुलं वर्षानुवर्षं पेंट आणि वर्ड शिकतात, पण कॅबिनेटचं झाकण उघडायला त्यांना मनाई असते. ‘हात लावू नका, बिघडेल.’ बंद पडलेले चार संगणक कोपऱ्यात कापडाखाली असतात, त्यांनाही नाही. वीज काढून, हात धातूला टेकवून ते उघडू द्यायला काय हरकत आहे? आधीच बंद आहेत, आणखी काय बिघडणार? व्याकरणात आपण वाक्य मोडून दाखवतो, तसं यंत्र मोडून दाखवायला हवं. ज्या मुलीने एकदा स्लॉटमध्ये कार्ड बसवलंय तिला पस्तीस हजारांचा सेट गळ्यात मारणं अवघड जातं. ‘तुम्ही काय तपासलं?’ एवढं ती विचारतेच.

काही यंत्रं खरोखर संपलेली असतात हे मान्य. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत, ओळखीचं चांगलं कार्ड लावलं तरी चित्र नाही, कार्ड काढूनही संगणक सुरू होत नाही, तर मग नव्यात पैसे घालावेत, आणि जुनं भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावं.

त्या मुलीच्या टॉवरला विंडोज ११ मिळणार नव्हतं. तिने लिनक्स मिंट टाकलं. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर तिथल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून दोन क्लिकमध्ये बसला, ब्लेंडर फुकटच आहे. मॉनिटर अजून तोच, व्हीजीएचा.