हसवणारी बाई

'दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा,' असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी चिवड्याचे पोहे भाजत होते. खुसखुशीत म्हणजे काय, हे मला करंजीपुरते ठाऊक आहे. लिखाणापुरते म्हणाल तर गेली वीस वर्षे मी तो विषय नुसता शिकवते. आणि शिकवते तेही किती अपुरे, हे मला याच सत्रात कळले. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटात माझी एक चूकच वाढते. गोड मानून घ्यावी.

द्वितीय वर्षाचा तास होता. विषय, मराठी विनोदाची परंपरा. मी नेहमीप्रमाणे पाढा म्हणावा तशी नावे घेतली : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. फळ्यावर पाच ओळी झाल्या. खडू खाली ठेवते न ठेवते तोच शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली,

"बाई, यात बाई एकही नाही?"

वर्ग हसला. मीही हसले आणि 'पुढच्या तासाला सांगते' म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकांच्या भात्यातला हा रामबाण. पण तो बाण त्या दिवशी उलटून माझ्याच अंगावर आला. कारण कॉलेजात असताना मी स्वतः स्नेहसंमेलनासाठी एक विनोदी एकांकिका लिहिली होती. हशा झाला, टाळ्या पडल्या. पण लेखक म्हणून पुकारले गेले ते दिग्दर्शन करणाऱ्या मुलाचे नाव. मी तक्रार करायला गेले, तर एक वडीलधारे गृहस्थ समजुतीने म्हणाले, "अगं, मुलीच्या जातीला करुण शोभतं." मी आज्ञाधारक. पुढे एम. ए.ला प्रबंधिका लिहिली ती करुणरसावर!

त्या रात्री मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात आले, की ते तर लहानपणी आमच्या घरी दूरदर्शनच्या पडद्यावर येऊन गेले होते. सई परांजपे! नाव ठाऊक नव्हते असे नाही. पण ते माझ्या डोक्यात 'सिनेमा' या फडताळात पडून होते. 'विनोद' या फडताळात ठेवायचे मला सुचलेच नव्हते.

घराणे पाहिले तर विनोदाशी संबंध नाही असेच कुणीही म्हणेल. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर. आई शकुंतला परांजपे. त्याही केंब्रिजला गणित शिकलेल्या. 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात त्यांनी म्हाताऱ्या नवऱ्याच्या समाजसेविका मुलीचे काम केले, आणि संततिनियमनाचा प्रचार लोक नाके मुरडत होते त्या काळात केला. वडील रशियन चित्रकार. तो संसार टिकला नाही आणि १९३८ साली जन्मलेली सई आई-आजोबांच्या छत्राखाली वाढली. आठव्या वर्षी या मुलीचे 'मुलांचा मेवा' हे गोष्टींचे पुस्तक छापून आले. पुढे पुणे आकाशवाणी, १९६३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका, मग दूरदर्शन. मुलांसाठी कार्यक्रम केले, नाटके केली, लघुपट केले. गंमत करायचा हात असा वर्षानुवर्षे घोटलेला होता.

पहिला मोठा चित्रपट 'स्पर्श'. अंधशाळेच्या मुख्याध्यापकाची ही कथा विनोदी नव्हे. १९८० सालचा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला, शिवाय पटकथेचाही. एवढे झाल्यावर सर्वसाधारण माणूस जन्मभर गंभीर चेहरा करून बसला असता. या बाईंनी लगेच 'चश्मेबद्दूर' (१९८१) काढला!

दिल्लीतल्या एका खोलीत राहणारे तीन मित्र. दोघे उडाणटप्पू, तिसरा अभ्यासू. पानवाल्या लल्लनमियाँची उधारी वाढत चाललेली. शेजारात एक मुलगी येते. दोघे उडाणटप्पू तिच्यामागे लागतात, सडकून आपटतात आणि घरी येऊन बढाया मारतात. त्या बढाया आपल्याला पडद्यावर दिसतात. त्यांतली मुलगी बागेत गाणी म्हणते, लाजते, भाळते. खरी मुलगी मात्र दारोदार धुण्याची पावडर विकते आणि यांना दारातून परत पाठवते.

हा चित्रपट मी पूर्वीही पाहिला होता, पोट धरून हसले होते. पण यंदा पुन्हा पाहताना जाणवले, की इथे हसे होते ते मुलीचे नव्हे. पुरुषांनी डोक्यात रचलेल्या मुलीचे होते, आणि तीच मुलगी वर्षानुवर्षे दाखवणाऱ्या आपल्या सिनेमाचेही. खरी नेहा कमावते, बोलते, चिडते, प्रेमही करते. तिची कुचेष्टा एकदाही नाही. लठ्ठ बायको, कजाग सासू, बावळट मोलकरीण यांच्यावर पोसलेला विनोद आम्ही मराठी माणसांनी काही कमी खाल्लेला नाही. इथे तो पदार्थच ताटात नाही, आणि जेवण मात्र भरपेट!

दुसरे चित्र 'कथा' (१९८३). मूळ नाटक मराठी, 'ससा आणि कासव'. मुंबईची चाळ. राजाराम हा कारकून म्हणजे कासव. शेजारच्या संध्येवर त्याचा जीव, पण ओठ उघडत नाहीत. तेवढ्यात त्याचा मित्र बाशू येऊन थडकतो. हा ससा. थापा मारतो, राजारामच्याच खोलीत राहतो, त्याच्याच कंपनीत नोकरी पटकावतो, सगळ्या चाळीला खिशात घालतो आणि संध्येलाही. गोष्टीतला ससा झोपतो. हा झोपत नाही. शर्यत जिंकतो आणि लग्न ठरलेल्या मुलीला टाकून पळून जातो.

येथवर आपण बाशूच्या थापांना मनसोक्त हसलेलो असतो. खरे सांगायचे तर राजारामपेक्षा तोच आपल्याला जास्त आवडलेला असतो. आणि एकाएकी ध्यानात येते, की आपल्या हसण्याचे बिल संध्येच्या नावावर फाडले गेले. बाई उपदेश करीत नाहीत. फक्त आपले हसू आपल्याच घशात अडकवून ठेवतात. संध्या झाले ते सारे राजारामला सांगते आणि तो तिला स्वीकारतो. कासवाला बक्षीस मिळाले म्हणावे, तर शर्यत तो हरलेलाच असतो. ही गंमत, ही टोचणी एकाच हाताने लिहायची, हे काम सोपे नव्हे. या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे 'अडोस पडोस'सारख्या दूरदर्शन मालिका आल्या. गिरणीत कामाला मुंबई गाठणाऱ्या खेडुतांचा 'दिशा' (१९९०) आला. 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' ही नाटके आहेतच. २००६ साली पद्मभूषण मिळाले, २०१६ साली 'सय' हे आत्मकथन आले. २०१३ साली 'चश्मेबद्दूर'ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याच दिवशी जुना चित्रपटही पुन्हा चित्रगृहांत लागला. बत्तीस वर्षांनी!

पुढच्या तासाला मी फळ्यावर सहावी ओळ लिहिली आणि वर्गाला 'कथा' दाखवला. मुले पहिल्यापासून खिदळत होती. शेवटी मात्र चिडीचूप झाली. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आपण उगाच हसलो त्याला." त्या तासाला मी वेगळे व्याख्यान दिले नाही.

आठवड्याने ती प्रश्न विचारणारी मुलगी शिक्षकांच्या खोलीत आली. हातात चार पानांची एकांकिका. पात्रांत एक मराठीच्या बाई होत्या. प्रश्न आला की त्या 'पुढच्या तासाला सांगते' म्हणत. मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरचे इतिहासाचे सर चष्मा सावरून पाहू लागले. पाने उलटून पाहिली, तर लेखकाचे नाव कुठेच नव्हते.

"नाव गं?"

"नको बाई. मुलं हसतील."

मी माझे पेन काढून तिच्या हातात दिले.

"हसावं म्हणूनच लिहिलंयस ना? मग घाल नाव. आणि ठळक घाल."