अल्ट्राचा तोरा

आधी एक विसंगती, मग भांडण.

काशीगावात संध्याकाळी मेट्रोच्या खांबांच्या आसपास, टपरीपाशी जी पोरं फोन आडवा धरून बसलेली असतात, त्यांच्यातल्या कुणाच्याही बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये डोकावून बघा. ग्राफिक्स ‘स्मूद’. फ्रेम रेट फोनला झेपेल तितका वरचा, ‘एक्स्ट्रीम’ किंवा त्याच्याही पुढचा. म्हणजे चित्र साधं आणि हालचाल झरझर. यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. उलट नवीन कुणी ‘अल्ट्रा एचडी’ लावून आला, तर त्यालाच हसतात. गवताची पाती बघत बसलास, तोवर समोरच्याने तुला उडवलं.

आता तोच पोरगा घरी कॉम्प्युटरसमोर बसला की काय होतं ते बघा. गेम उघडतो, ग्राफिक्सच्या मेनूत जातो, तिथे मशिनने आपणहून ‘मीडियम’ सुचवलेलं दिसतं आणि त्याचा चेहरा पडतो. मग तो सगळं खेचून ‘अल्ट्रा’वर नेतो. गेम धापा टाकायला लागतो, पंखा वाजायला लागतो, चित्र अडखळतं. त्यावर त्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: माझा पीसी भंगार आहे, नवीन कार्ड लागेल.

फोनवर जे शहाणपण आहे ते टेबलावर येताना कुठे गळून पडतं? माझं उत्तर सरळ आहे. फोनवरच्या त्या पर्यायाला ‘स्मूद’ म्हणतात, कॉम्प्युटरवरच्याला ‘लो’. गोष्ट एकच, बारसं वेगळं. एका नावात कौतुक आहे, दुसऱ्यात अपमान. आणि वरच्या टोकाला ‘अल्ट्रा’. अनरियल इंजिनात तर पायऱ्यांची नावंच लो, मीडियम, हाय, एपिक आणि सिनेमॅटिक अशी आहेत. ‘एपिक’ सोडून ‘मीडियम’ला राजी कोण होणार? हॉटेलात थाळीला ‘राजेशाही’ आणि ‘गरीब’ अशी नावं ठेवली, तर खिशात साठ रुपये असलेला माणूसही उधारी करून राजेशाहीच मागवेल.

हे भांडण करमणुकीपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. आमच्या भागात वन आरके आणि वन बीएचके घरं आहेत. त्यात पीसी म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, चौथ्या-सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. फार झालं तर त्यात जीटीएक्स १६५०, कारण त्याची बरीच मॉडेल्स ७५ वॉटवर चालतात, वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि ऑफिसच्या डब्यातल्या पिटुकल्या एसएमपीएसवरही भागतं. असे डबे उघडून, धूळ झटकून, थर्मल पेस्ट बदलून देण्याचं काम मी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी बरीच वर्षं करतो. पोरांच्या तोंडून जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते असं: ‘दादा, याच्यावर गेम चालतच नाही.’ बघायला गेलं की गेम चालत असतो. अल्ट्रावर चालत नसतो, एवढंच.

मग मीरा रोडहून लोकल धरून पोरगा आणि त्याचे वडील ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडला जातात. दुकानदार विचारतो, कुठला गेम खेळायचाय? पोरगा नाव सांगतो. दुकानदार म्हणतो, ‘अल्ट्रावर पाहिजे ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची हिंमत सोळा वर्षांच्या पोरात, वडिलांच्या समोर, नसते. वडिलांना तर अल्ट्रा म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्यांना एवढंच कळतं की पोराला चांगलं पाहिजे आणि आपल्याला ते परवडत नाही. तिथून ईएमआय सुरू होतो. एका घरात अशा कार्डाच्या हप्त्यांपायी पोराच्या धाकट्या बहिणीचा क्लास पुढच्या वर्षावर गेलेला मी पाहिला आहे. कार्ड चांगलं होतं. मॉनिटर जुनाच होता, ६० हर्ट्झचा, १३६६ × ७६८ चा. त्या मॉनिटरवर ते कार्ड म्हणजे गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर फेरारी.

तर अल्ट्रा म्हणजे आहे तरी काय? समज असा की अल्ट्रा हा खरा, पूर्ण गेम, आणि बाकीच्या पायऱ्या म्हणजे त्यातून कापून काढलेले तुकडे. हा समज साफ खोटा आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ घ्या. २६ ऑक्टोबर २०१८ ला तो कन्सोलवर आला आणि इतका देखणा गेम झालाच नाही असं जगभर म्हटलं गेलं. बर्फ, धुकं, घोड्याच्या अंगावरचा घाम, सगळ्याची तारीफ झाली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, तो पीसीवर आला. तेव्हा ‘डिजिटल फाउंड्री’च्या लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तपासली. एक्सबॉक्स वन एक्स या त्या काळच्या तगड्या कन्सोलवरच्या बऱ्याच गोष्टी पीसीच्या लो आणि मीडियमच्या बरोबरीच्या निघाल्या, काही तर पीसीच्या लोच्याही खाली. म्हणजे वर्षभर जग ज्या चित्रावर फिदा होतं, ते आपल्या मेनूतल्या भाषेत ‘लो-मीडियम’ होतं. कन्सोलवाल्याला ते नाव कुणी दाखवलं नाही, म्हणून तो सुखात होता.

दुसरं उदाहरण याहून मजेशीर आहे. २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या ‘अवतार: फ्रंटियर्स ऑफ पँडोरा’ या गेममध्ये सगळ्यात वरची पायरी मेनूत ठेवलीच नव्हती. गेम सुरू करताना एक खास आज्ञा लिहिली तरच ती उघडायची. का लपवली? कारण बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव माहीत होता. पर्याय दिसला की लोक तोच लावणार, आजच्या मशिनवर तो अडखळणार, आणि मग गेमच वाईट बनवलाय म्हणून बोंब मारणार. पुढच्या काळातल्या कार्डांसाठी ठेवलेली पायरी आजच्या माणसाला अपमानासारखी वाटते, हे त्यांनी ओळखलं. मला हे फार आवडलं. सगळ्यांनीच असं करावं.

थोडं गणित करू, कारण दुकानदाराला उत्तर देताना तेच कामाला येतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० हवी असतील तर ३३.३. तेवढ्या वेळात मशिनला सगळं उरकायचं असतं: सावल्या, पाणी, धुकं, माणसं. एखादी गोष्ट जास्त वेळ खाते म्हणजे ती जास्त सुंदर असते असं नाही. ढग आणि धुक्याचा दर्जा, सावल्यांची बारीक धार, आरशासारखी प्रतिबिंबं, या तीन ठिकाणी वेळ बदाबदा जातो. सावल्या अल्ट्रावरून मीडियमवर आणा आणि पळत पळत खेळा. फरक दाखव म्हटलं तर दहातल्या आठांना दाखवता येणार नाही, पैज माझी. उलट टेक्श्चर, म्हणजे भिंतीवरचा, कपड्यावरचा पोत, याला वेळ जवळपास लागत नाही, लागते ती कार्डाची स्वतःची मेमरी. मेमरी पुरत असेल तर टेक्श्चर खुशाल हायवर ठेवा. पुरत नसेल तर एक पायरी खाली, नाहीतर मेमरी भरली की झटके बसतात. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग नावाचं एक लांबलचक प्रकरण असतं. ते १६ वर न्या, फारसं काही खात नाही आणि लांबवर जाणारा रस्ता स्वच्छ दिसतो. गर्दी किती आणि लांबचं किती दिसावं, हे बहुतेक वेळा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतं. जुना आय-फाइव्ह असेल तर तिथे कात्री लावा, नवीन कार्ड घेऊन तिथे फार काही हाती लागायचं नाही. आणि मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन ही कॅमेऱ्याची दुखणी मुद्दाम विकत कशाला घ्यायची? बंद.

एवढं करायला वीस मिनिटं लागतात. एकेक गोष्ट बदलायची, गेममधल्या एकाच गजबजलेल्या जागी उभं राहायचं, आकडा बघायचा. मशिनने सुचवलेली ऑटो सेटिंगही मला मान्य नाही, कारण तिला तुमची आवड ठाऊक नसते. कुणाला धुकं हवं असतं, कुणाला नेमबाजी. ज्याच्याकडे कार्डच नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवतो, त्याने सेटिंगच्या आधी रॅम बघावी. आठ जीबीची एकच कांडी असेल तर तिच्या जोडीला दुसरी बसवा. अंगच्या ग्राफिक्सला मेमरीची रुंदी लागते आणि दोन कांड्यांनी ती मिळते. जुन्या कांडीची किंमत कार्डाच्या किमतीपुढे काहीच नाही. दुकानात हा सल्ला मिळत नाही, यात आश्चर्य ते काय.

‘पण सौंदर्याचं काय?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ दाखवतो. २०२० मध्ये आलेला. राजस्थानी किल्ले, पहाडी चित्रशैलीचे रंग. मीडियमवर लावा, तो देखणाच दिसतो, कारण देखणेपणा रंग निवडणाऱ्याच्या आणि वास्तू रचणाऱ्याच्या हातात होता. तो गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, म्हणजे मुळात छोट्या, हातात मावणाऱ्या मशिनवर. चित्राची समज आणि कार्डाची ताकद या दोन गोष्टींची गल्लत करणारी माणसं बहुधा दोन्हीबाबतीत कच्ची असतात.

दुसऱ्या टोकाचेही आहेत. सगळं लो, रिझोल्यूशन १२८० × ९६०, चित्र ताणलेलं, कारण काउंटर-स्ट्राइकचे कित्येक व्यावसायिक खेळाडू असंच खेळतात. स्पर्धेत ठीक आहे. पण गोष्ट सांगणारा गेम, ज्यात डोंगरावरून सूर्य उगवताना बघायचाय, तोही असाच खेळायचा म्हणजे दिवाळीच्या फराळातला फक्त चिवडा खाऊन उठण्यासारखं. त्यांच्याशी माझं भांडण छोटं आहे. निदान ते कर्ज काढत नाहीत.

मोठं भांडण गेम बनवणाऱ्यांशी आहे. ‘मीडियम लावा’ असं मी पोरांना सांगतो तेव्हा ते मीडियम बघण्यालायक असणं ही त्यांची जबाबदारी आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा आठ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर मीडियमला ठेवलं की भिंती चिखलासारख्या दिसत होत्या. पुढच्या दुरुस्त्यांमध्ये तेच मीडियम बरंच सुधारलं. म्हणजे करता येत होतं, आधी केलं नव्हतं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कॅपकॉमचा ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ आला, तेव्हा ‘शिफारस केलेल्या’ मशिनवर १०८० पीला ६० फ्रेम मिळतील असं छापलं होतं, पण फ्रेम जनरेशन धरून. म्हणजे त्यातली काही चित्रं गेमने काढलेली नाहीत, दोन चित्रांच्या मध्ये मशिनने अंदाजाने भरलेली आहेत. ती डोळ्याला गुळगुळीत लागतात, बटण दाबल्यावरचा उशीर मात्र तसाच राहतो. दुधात पाणी घालून लिटर मोजायचा हा प्रकार आहे.

एफएसआरसारख्या युक्त्यांना माझा विरोध नाही. एएमडीची ही सोय २०२१ पासून आहे आणि जुन्या जीटीएक्सवरही चालते, हे चांगलंच झालं. पण १०८० पीच्या पडद्यावर ‘क्वालिटी’ लावलं तरी आत गेम १२८० × ७२० मध्ये रंगत असतो: २०.७ लाख ठिपक्यांच्या जागी ९.२ लाख. बाकीचे अंदाजाने. ४के पडद्यावर हे खपून जातं, आपल्या पडद्यावर तारा आणि झाडं थरथरताना दिसतात. म्हणून आधी सावल्या कापा, ढग कापा, आणि तरीही नाही भागलं तर एफएसआर. गेमवाल्यांनी ही कुबडी पहिल्याच दिवशी आपल्या हातात द्यावी आणि तिलाच पाय म्हणावं, हे चालणार नाही.

स्टीमचं दर महिन्याचं सर्वेक्षण कुणीही उघडून बघावं. वर्षानुवर्षं वरच्या जागांवर १०६०, १६५०, ३०६० असलीच कार्डं दिसत आली आहेत. जगातला साधारण गेमर आमच्या काशीगावातल्या पोराच्या फार पुढे नाही. पुढे असतो तो यूट्यूबवरचा परीक्षक, ज्याला कार्ड फुकट पाठवलं जातं आणि जो ‘अल्ट्रा, ४के’चे तक्ते दाखवून निघून जातो. मीडियमचा तक्ता त्यातल्या फार थोड्यांकडे मिळतो.

आणि मे महिना. पत्रे किंवा वरचा मजला, एक खिडकी, पंखा. आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॉटपर्यंत खातं. दिवसाला चार तास धरले तर महिन्याला ५४ युनिट फक्त कार्डाचे, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते, जिथे आजी झोपलेली असते. १६५० ला तेवढ्याच वेळात ९ युनिट. मोठं कार्ड घेतलंच असेल तर निदान मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना फ्रेम ६० वर बांधा. कार्ड पडद्याला दाखवता न येणारी चित्रं काढत घाम गाळत नाही, खोली जरा थंड राहते, पंखे गप्प होतात. हा पर्याय बहुतेक गेममध्ये असतो, ‘फ्रेम लिमिट’ नाहीतर ‘मॅक्स एफपीएस’ अशा कुठल्यातरी नावाने, खाली कुठेतरी दडलेला.

पुढच्या वेळी दुकानदाराने ‘अल्ट्रावर पाहिजे ना?’ असं विचारलं की उलट विचारा: १०८० पी, मीडियम, फ्रेम जनरेशन बंद, या गेमला किती फ्रेम? आकडा कोटेशनवर लिहून मागा. मी तीन पोरांच्या बरोबर जाऊन हे विचारलं आहे. दोन दुकानांत विषय बदलला. तिसऱ्यात काउंटरमागच्या मुलाने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘मीडियमलाच खेळणार असाल तर तुमचं आहे तेच चालेल की.’