गाण्यातले ‘औरंगजेब’

मराठी मध्यमवर्गीय घरांत एक शिवी मोठ्या लाडाने वापरली जाते. एखाद्याला गाण्याची गोडी नाही असे कळले, की ‘हे आमचे गाण्यातले औरंगजेब’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. सगळे हसतात, तोही हसतो. हसण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. कारण गाणे न आवडणे ही गोष्ट आपल्याकडे आवडीनिवडीत जमा होत नाही. ती स्वभावातील वैगुण्याची खूण समजली जाते. कारले आवडत नाही म्हणणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी कोणी शंका घेत नाही. गाणे आवडत नाही म्हणणाऱ्याविषयी मात्र घेतली जाते. ही शंका कितपत न्याय्य आहे, याचा एकदा शांतपणे विचार व्हायला हवा.

आमचे एक स्नेही आहेत. निवृत्त शिक्षक; वाचन चौफेर; तुकोबांच्या अभंगांवर बोलू लागले की त्यांचा कंठ दाटून येतो. तीस वर्षे आमच्या मंडळींबरोबर ते प्रत्येक मैफलीला येत असत. थंडीत रांगेत उभे राहून तिकिटे त्यांनीच काढायची, मध्यंतरात चहा त्यांनीच आणायचा, उशिरा येणाऱ्यांसाठी सतरंजीवर जागा त्यांनीच धरून ठेवायची. एका रात्री भैरवी संपली; सर्वांचे डोळे पाणावले होते. परतताना ते सहज म्हणाले, “खरे सांगू? मला यात कधीच काही वाटले नाही. सूर चुकला तर कळतो. पण लागला म्हणून काही होत नाही. तुम्ही माना डोलावता, म्हणून मीही डोलावतो.” मी मोठ्याने हसलो आणि तोच नेहमीचा शब्द उच्चारला. त्यानंतर ते मैफलीला आले नाहीत. तीस वर्षे जपलेली गोष्ट त्यांनी विश्वासाने सांगितली आणि आपण तिची थट्टा केली, हे उमगायला मला बराच काळ लागला.

आरोप जुनाच

हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे. भर्तृहरीने नीतिशतकात साहित्य, संगीत आणि कला यांना पारख्या झालेल्या माणसाची गणना शेपूट-शिंगे नसलेल्या पशूत केली. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील लोरेन्झो त्याच्याही पुढे जातो. ज्याच्या अंतरात संगीत नाही तो कपटकारस्थानालाच लायक, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे तो बजावतो. दोन दूरच्या देशांत आणि काळांत दिला गेलेला हा निवाडा एकच आहे: कान नाही, म्हणून हृदयही नाही. भर्तृहरीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने तीन गोष्टींची नावे एकत्र घेतली आहेत. अभंगाने ज्यांचा कंठ दाटतो ते आमचे स्नेही त्याच्या कसोटीला निश्चित उतरतात. त्या तिघांतून संगीत तेवढे उचलून त्याची फूटपट्टी केली, ती आपण.

आणि ज्या बादशहाच्या नावाने हा टोमणा मारला जातो, त्याचे तरी वास्तव काय होते? औरंगजेबाने दरबारातील संगीत १६६८च्या सुमारास बंद केले. गवयांनी संगीताची प्रेतयात्रा काढली आणि बादशहाने ते खोल पुरायला सांगितले, ही कथा मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवली आणि ती आपल्या मनात रुतून बसली. परंतु त्याच काळातील ‘मिरात-इ-आलम’ या फारसी ग्रंथात वेगळी नोंद आहे. बादशहाला संगीत चांगले समजत होते, कारकिर्दीच्या आरंभी तो ते ऐकतही असे आणि पुढे धर्मनिष्ठेपायी त्याने ते सोडले, असे हा दरबारी ग्रंथ सांगतो. ज्याची गोडी नाही ते सोडण्यात संयम कसला? व्रत म्हणून सोडावे लागते ते आवडीचेच. ही नोंद खरी मानली, तर खुद्द औरंगजेबही गाण्यातला ‘औरंगजेब’ नव्हता!

कान वेगळा, आनंद वेगळा

मग गाणे न आवडणारी माणसे आहेत तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या मेंदुविज्ञानाने बरेच पुढे नेले आहे आणि ते उत्तर आपल्या सुभाषितांना अडचणीत आणणारे आहे.

पहिला वर्ग आहे तो ज्यांना स्वर ओळखूच येत नाहीत अशांचा. काहींना रंगांतील भेद दिसत नाही, तसा काहींना जन्मतःच दोन जवळच्या स्वरांतील भेद ऐकू येत नाही. मॉन्ट्रियल येथील इझाबेल पेरेत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा एका स्त्रीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे श्रवण उत्तम, बुद्धी उत्तम, बोललेले सारे तिला समजत होते; परंतु ओळखीची चालही तिला ओळखू येत नव्हती. अशांना गाणे हा गोंगाट वाटला, तर त्यात नवल ते काय?

दुसरा वर्ग अधिक चमत्कारिक आणि आमचे स्नेही बहुधा त्यात मोडतात. यांना सूर कळतो, ताल कळतो, गाणे आनंदाचे की दुःखाचे हेही सांगता येते. फक्त आनंद होत नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ साली प्रत्येकी दहा जणांचे तीन गट घेऊन हे तपासले. एका गटाला संगीताचा आनंद फार, दुसऱ्याला बेताचा, तिसऱ्याला नाहीच. गाणे ऐकताना हृदयाचे ठोके आणि त्वचेवरील सूक्ष्म बदल मोजले, तेव्हा तिसऱ्या गटात हालचाल जवळजवळ दिसली नाही. पैसे जिंकण्याच्या खेळात मात्र हीच माणसे इतरांइतकीच उत्तेजित होत होती. म्हणजे त्यांच्यात सुखाचा झरा आटलेला नव्हता. फक्त संगीताची वाट त्या झऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. २०१६ साली पंचेचाळीस जणांच्या मेंदूंची चित्रे घेतली गेली, तेव्हा ती वाट कोठे तुटते हेही दिसले. स्वरांचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग आणि सुख देणारा भाग यांच्यातील दळणवळण अशा माणसांत क्षीण होते.

संगीतात आपल्याला नेमके काय सुखावते, हे लक्षात घेतले की या तुटलेल्या वाटेचे महत्त्व कळते. मॉन्ट्रियललाच २०११ साली आढळले, की आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवते, आणि उत्कट क्षणी तर ते स्रवतेच, पण त्या क्षणाची वाट पाहतानाही स्रवते. आपल्याकडे हे वेगळे सांगायला नको. तबलजी आणि गवई समेकडे येऊ लागले की श्रोत्याचा जीव वर ओढला जातो आणि सम आली की तो सुटतो. ज्याला सम कळते पण तिची ओढ वाटत नाही, त्याने आपल्या शेजारी बसून तीस वर्षे काय सोसले असेल, याची कल्पना करावी.

कान आणि आनंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा उलटा दाखला खुद्द चार्ल्स डार्विनने ठेवला आहे. केंब्रिजमध्ये शिकत असताना किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील गायन ऐकून त्याच्या अंगावर शहारे येत. पण त्याचा कान इतका बेताचा होता की त्याला साधी चालही धड गुणगुणता येत नसे आणि मित्र ओळखीची चाल जलद किंवा संथ वाजवून त्याची परीक्षा घेत. तोच डार्विन उतारवयात, १८७६ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात, संगीताची आणि काव्याची आपली गोडी ओसरल्याबद्दल हळहळतो. पुन्हा आयुष्य मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी काव्य वाचण्याचा आणि संगीत ऐकण्याचा नेम करीन, असे तो म्हणतो. फ्रॉइडनेही १९१४ साली कबूल केले, की आपल्याला संगीतापासून जवळजवळ काहीच आनंद मिळत नाही. शिल्प आणि साहित्य मात्र त्याला खिळवून ठेवीत. यांपैकी कोणाला पशू म्हणावयाचे?

बंद राहिलेली दारे

येथे एक आक्षेप संभवतो. सारेच जन्मजात ठरवले, तर संस्कारांना आणि शिक्षणाला अर्थ काय उरला? आक्षेप रास्त आहे. कारण तिसरा वर्ग, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, हा ज्यांची संगीताशी ओळखच होऊ शकली नाही अशांचा आहे. नऊ हजारांहून अधिक स्वीडिश जुळ्यांवरील एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. संगीतापासून मिळणाऱ्या आनंदात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील ५४ टक्क्यांपर्यंतचा भाग आनुवंशिक भेदांशी निगडित असल्याचे त्यात आढळले. उरलेला भाग परिस्थितीचा. आणि परिस्थिती घडवणारे आपणच.

ती आपण कशी घडवतो? स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात ‘तू नुसते ओठ हलव’ असे ज्या मुलाला सांगितले गेले, तो पुढे गाण्याच्या वाटेला गेला नाही तर दोष कोणाचा? बघण्याच्या कार्यक्रमात चार परक्या माणसांसमोर ज्या मुलीला पेटीवर पद म्हणायला लावले, तिला पेटीचा सूर ऐकून पुढे काय आठवत असेल? शिवाय आपल्या रसिकांच्या लेखी ‘गाणे’ म्हणजे ख्याल आणि फार तर नाट्यपद. ख्यालाला कंटाळणारा पण ओवीने, भजनाने किंवा लावणीने हरखणारा माणूस अरसिक ठरतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते सामान्य गृहस्थाला संगीत शिकता यावे म्हणून. दार उघडण्याचे ते काम सव्वाशे वर्षांनंतरही पुरे झालेले नाही. आणि दाराबाहेर राहिलेल्याला हिणवल्याने ते उघडणारही नाही.

सक्तीचे श्रवण

गाणे सर्वांना आवडतेच, या गृहीतकाची आणखी एक किंमत आपण रोज मोजतो. लग्नाची वरात, मिरवणूक, रात्रीची प्रवासी गाडी, उपाहारगृह: ऐकणाऱ्याची इच्छा न विचारता सर्वत्र संगीत वाहत असते. तक्रार करणारा अरसिक, प्रसंगी धर्मद्रोहीही ठरतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले, की एकाला बोलण्याचा हक्क असेल तर दुसऱ्याला ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचाही आहे. न ऐकण्याचा हक्क कायद्याने मान्य केला; आपल्या रसिकतेने तो अजून मान्य केलेला नाही. वास्तविक जो खरा रसिक, त्याला हे आधी पटायला हवे. शांततेची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

संगीत ही माणसाला लाभलेली फार मोठी देणगी आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती देणगी आहे, परीक्षा नव्हे. जिला ती लाभली तिने कृतज्ञ असावे, ज्याला दार बंद होते त्याच्यासाठी ते उघडावे, आणि ज्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाही त्याच्या माणुसकीचा हिशेब तिच्यावरून मांडू नये. मधल्या काळात मी त्या स्नेह्यांकडे गेलो आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. ते म्हणाले, “मी गाणे ऐकायला येतच नव्हतो, तुमच्या सोबतीला येत होतो.” ती सोबत आम्ही एका शब्दापायी गमावली होती. तो शब्द मी आता वापरत नाही.